'हवेशीर' आणि 'कायदेशीर' : इको निवास संहितेच्या भाषेचे एक परीक्षण

१

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' या नावाने निवासी इमारतींसाठी ऊर्जासंधारणाच्या नियमांचा पहिला भाग प्रसिद्ध केला. इमारतीच्या बाह्यावरणाचा, म्हणजे भिंती, छप्पर आणि खिडक्या यांचा विचार या भागात केलेला आहे. उन्हाची उष्णता घरात किती शिरू द्यावी, उजेड किती यावा आणि वाऱ्याला वाट किती असावी, यांच्या मर्यादा तेथे आकड्यांनी घालून दिल्या आहेत. या ग्रंथाच्या तांत्रिक बाजूचे परीक्षण हे स्थापत्यविशारदांचे काम होय. प्रस्तुत लेखकाचा अधिकार भाषेपुरता आहे. परंतु नियम हा प्रथम शब्दांत बांधला जातो आणि मग विटांत. आणि जी गोष्ट नियमाच्या शब्दांत येत नाही, ती सहसा मोजमापातही येत नाही. म्हणून या संहितेची भाषा तपासून पाहणे हे भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेबाहेरचे मानू नये.

मराठीत '-शीर' या प्रत्ययाने सिद्ध झालेले थोडे शब्द आहेत : कायदेशीर, पद्धतशीर, हवेशीर. पहिल्या दोहोंत हा प्रत्यय 'ला धरून असलेले' असा अर्थ देतो. तिसऱ्यात 'भरपूर असलेले' असा. एकाच प्रत्ययाच्या या दोन अर्थच्छटांमध्ये आपल्या प्रश्नाचे बीज आहे. घर कायदेशीर असेल आणि हवेशीर नसेल, असे होऊ शकते काय? होऊ शकत असेल, तर तो दोष कायदा मोडणाऱ्याचा की कायद्याच्या भाषेचा? प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, असे होऊ शकते. आणि याला संहितेतील एका शब्दाचा, 'उघडता येण्याजोगी' या विशेषणाचा, मोठा हातभार लागतो.

२

प्रथम नावाविषयी. 'इको' हा घटक ग्रीक 'ओइकोस' या शब्दापासून आला, आणि त्याचा मूळ अर्थ 'घर' असाच आहे. तेव्हा 'इको निवास' म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'गृह-निवास' झाले. ही पुनरुक्ती निरुपद्रवी आहे. 'संहिता' या शब्दाचे तसे नाही. नियमसंग्रह या अर्थाने तो आपल्याला परिचित आहे. पण पाणिनीच्या व्याकरणात ती वर्णांच्या अत्यंत निकट सान्निध्याची संज्ञा आहे. दोन वर्णांमध्ये अवकाश उरत नाही, तेव्हा संहिता होते आणि संधी घडतो. ज्या ग्रंथाने घराच्या फटी बुजवायच्या आणि तरीही वाट मोकळी ठेवायची, त्याला हे नाव मिळावे, हा एक योगायोगच म्हणावयाचा.

अर्थात् नावावरून ग्रंथाचे मूल्य ठरविणे अन्यायाचे होईल. थंड हवामानाचे प्रदेश वगळता इतरत्र बाह्यावरणातून आत येणाऱ्या उष्णतेचे मान दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा अधिक नसावे, ही या संहितेची मुख्य मर्यादा होय. पश्चिमेच्या उन्हात तापलेल्या भिंतीशेजारी ज्याने मे महिन्यातील रात्र काढली आहे, त्याला तिचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. शिवाय उष्णता रोखण्याच्या नियमाबरोबरच खिडक्या उघडण्याचाही नियम संहिताकारांनी घातला, हे त्यांच्या दूरदृष्टीचे लक्षण मानले पाहिजे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पाश्चात्य देशांत इंधन वाचविण्यासाठी इमारती घट्ट मिटून घेण्यात आल्या, आणि पुढील दशकात 'आजारी इमारत' हा शब्दप्रयोग रूढ झाला. मिटलेल्या इमारतींत लाकडी पत्र्यांतील फॉर्मल्डिहाइड, रंगांची वाफ आणि माणसांचा उच्छ्वास साचून राहू लागला होता. ही चूक आपल्याकडे होऊ नये, अशी इच्छा संहितेत दिसते. आपला आक्षेप त्या इच्छेला नसून ती ज्या शब्दांत मांडली गेली त्यांना आहे.

३

संहितेचा खिडकीविषयक नियम असा : खिडक्यांच्या उघडता येण्याजोग्या क्षेत्रफळाचे चटईक्षेत्राशी असलेले प्रमाण उष्ण-दमट हवामानात किमान १६.६६ टक्के असावे. मुंबई याच वर्गात मोडते. मिश्र आणि समशीतोष्ण हवामानासाठी १२.५, उष्ण-कोरड्यासाठी १० आणि थंड प्रदेशासाठी ८.३३ टक्के ही मर्यादा आहे. वाचणाऱ्याला वाटेल की, हे आकडे प्रयोगशाळेतून आले असावेत. वस्तुतः ते अनुक्रमे एक षष्ठांश, एक अष्टमांश, एक दशमांश आणि एक द्वादशांश आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेने हेच अपूर्णांक पूर्वीपासून सांगितले आहेत. 'जमिनीचा सहावा हिस्सा खिडकी' हे सुताराला आणि गवंड्याला समजणारे, संकेताचे वाक्य आहे. त्याचेच दशांश चिन्ह देऊन रूपांतर केले की, संकेताला मोजणीची प्रतिष्ठा प्राप्त होते. अर्थ तोच राहतो. पण ऐकणाऱ्याची शंका घेण्याची वृत्ती मावळते.

याहून महत्त्वाचा प्रश्न 'उघडता येण्याजोगी' या विशेषणाचा आहे. खिडक्यांच्या प्रकाराप्रमाणे किती भाग उघडतो, याचे कोष्टक संहितेने दिले आहे. बिजागरीच्या खिडकीचा ९० टक्के, दोन तावदानांच्या सरकत्या खिडकीचा ५० टक्के भाग उघडता येण्याजोगा धरावा, असे ते सांगते. हे योग्यच आहे. ज्याला आपण बोलण्यात नुसते 'स्लायडिंग' म्हणतो, त्या खिडकीची अर्धी बाजू कायमची काचेआड असते, हे तरी त्यामुळे नोंदले गेले. पण उघडणाऱ्या क्षेत्रफळाच्या व्याख्येत मोकळ्या हवेकडे उघडणाऱ्या खिडकीबरोबर व्हरांड्याकडे, कॉरिडॉरकडे आणि शाफ्टकडे उघडणारी खिडकीही बसते. म्हणजे रस्त्याकडील वाऱ्याच्या तोंडावर असलेली खिडकी आणि सात मजल्यांच्या संडासांचे नळ ज्यात उतरले आहेत त्या अंधाऱ्या शाफ्टकडील खिडकी, ही दोन्ही बेरजेच्या एकाच स्तंभात येतात. शिवाय ही बेरीज खोलीवार नाही. दिवाणखान्याला मोठी गॅलरी असली की, तिच्या दाराच्या पुण्याईवर मागची झोपायची खोली तरून जाते.

संहिताकारांनी हे प्रमाण नैसर्गिक वायुवीजनाच्या शक्यतेचे निदर्शक म्हणून सांगितले आहे. तेव्हा त्यांच्यावर फसवणुकीचा आरोप करता येणार नाही. ते शक्यतेबद्दलच बोलत आहेत. प्रश्न असा की, ही शक्यता कोणाची? येथे मराठी व्याकरण आपल्या मदतीला येते. मराठीत शक्यता दाखविण्याच्या दोन रीती आहेत. 'ही खिडकी उघडता येते' या वाक्यात शक्यता हा खिडकीचा गुण आहे. उघडणारा कोण, याची वाक्याला फिकीर नाही. दुसरी रीत शक्य क्रियापदाची : 'मला खिडकी उघडवत नाही', 'तिच्याने खिडकी उघडवत नाही'. येथे माणूस चतुर्थीत किंवा 'च्याने' या रूपाने वाक्यात हजर असतो, आणि शक्यता किंवा अशक्यता त्याच्या शरीराची, मनाची आणि परिस्थितीची असते. खिडकीत काही बिघाड नसतो; तरीही ती उघडवत नाही. संहितेची सगळी वाक्ये पहिल्या रीतीची आहेत. घरात राहणाऱ्यांची वाक्ये बहुधा दुसऱ्या रीतीची असतात. या दोन रीतींमधील अंतर म्हणजेच कायदेशीर आणि हवेशीर यांतील अंतर होय.

४

हे अंतर प्रत्यक्ष किती असते, ते पाहण्यासाठी लेखक राहतो त्या मुलुंडचे उदाहरण घेतो. क्राउन आणि कार्टर या वास्तुविशारदांनी १९२२ मध्ये मुलुंडची आखणी केली. स्थानकापासून पाच रस्त्यापर्यंत काटकोनात छेदणारे सरळ रस्ते हे तिचे वैशिष्ट्य. आजही या भागात नवख्या माणसाला वाट चुकणे कठीण जाते. त्या काळी मुलुंड मुंबईत नव्हते. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द वाढली तेव्हा ते महापालिकेत आले. पश्चिमेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पूर्वेस मिठागरे आणि ठाण्याची खाडी, मध्ये रुंद आखलेले रस्ते आणि बैठी किंवा दुमजली घरे, असे हे गाव हवेशीर म्हणून ओळखले जात असे. त्या घरांना कोणी संहिता लावली नव्हती. समोर व्हरांडा, मागे परसदार, आणि मध्ये एका रेषेत दारे, एवढ्यावर हवा खेळत असे.

आज त्या घरांच्या जागी पुनर्विकासाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि राहात आहेत. त्यांतील अनेकांच्या जाहिरातींत ऊर्जाबचतीचा उल्लेख मानाने येतो. नियमाप्रमाणे त्यांच्या खिडक्या उघडता येण्याजोग्या आहेत. त्या उघडवत का नाहीत, याची कारणे शेजारपाजारच्या बोलण्यात सहज मिळतात. एका बाजूला द्रुतगती महामार्ग आहे, दुसऱ्या बाजूला लालबहादूर शास्त्री मार्ग. दोहोंची धूळ आणि गोंगाट दिवसरात्र येतो. शेजारचा भूखंड पाडकामाला निघाला की, दोन वर्षे खिडकी उघडण्याची सोय राहात नाही. संध्याकाळी डास येतात. कबुतरे येतात, म्हणून जाळी येते, आणि जाळीवर धूळ बसते. समोरची इमारत इतकी जवळ असते की, पडदा ओढल्यावाचून वावरता येत नाही. पूर्वेकडील रहिवाशांना डम्पिंग ग्राउंडचा वास कित्येक दशके सोसावा लागला. ते २०१८ मध्ये, म्हणजे संहिता प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, नव्या कचऱ्यासाठी बंद झाले. पण नाक एकदा ज्याला भ्याले, त्याच्याविरुद्ध लावलेली खिडकी आकड्यांनी उघडत नाही.

यांतील एकही कारण काल्पनिक किंवा आळसाचे नाही. बाहेरची हवा चांगली नसताना खिडकी मिटणे हा शहाणपणाचाच व्यवहार आहे. किंबहुना ज्या हवेपासून बचाव करावयाचा तीच हवा 'ताजी' म्हणून आत घ्या, असे सांगणारा नियम रहिवाशाला पटत नाही, यात नवल नाही. पण खिडकी मिटल्यावर आत काय होते, हेही पाहिले पाहिजे. आणि तेथे आपली भाषा आपल्याला काही अंशी चकविते.

५

मराठीत 'वारा' आणि 'हवा' हे दोन शब्द आहेत. वारा म्हणजे अंगाला लागणारी गती. हवा म्हणजे भोवती असणारे द्रव्य, जे ताजे असते, दमट असते, कोंदट असते. छताचा पंखा वारा देतो, हवा देत नाही. भिंतीवरचे वातानुकूलन यंत्र तर बहुधा खोलीतलीच हवा आत ओढून, थंड आणि कोरडी करून, परत सोडते. त्याची नळी बाहेर जाते ती शीतकाची, हवेची नव्हे. पण 'एसी लाव, हवा येऊ दे' असे आपण सर्रास म्हणतो. गार लागते ते ताजे वाटते. स्वयंपाकघरातील 'चिमणी'चेही तेच. या शब्दाने धूर छपराबाहेर जाण्याची वाट सुचते. नळीवाचूनच्या चिमणीत मात्र फोडणीची वाफ तेलापुरती गाळली जाते आणि पुन्हा ओट्यावर येते. आणि नळीची चिमणी असली, तरी बाहेर जाणाऱ्या हवेइतकीच हवा कोठून तरी आत यावी लागते. घर सर्व बाजूंनी मिटलेले असेल, तर यंत्राचा आवाज येतो, धूर हलत नाही.

'वायुवीजन' ही आपली शासकीय संज्ञाही तपासण्यासारखी आहे. 'वीजन' म्हणजे पंख्याने वारा घालणे. ज्या लॅटिन क्रियापदापासून 'व्हेंटिलेशन' आले, त्याचाही मूळ अर्थ जवळजवळ तोच. संज्ञा अचूक आहे, पण ती वारा घालणाऱ्याची क्रिया सांगते, हवेची अवस्था सांगत नाही. याउलट 'खेळती हवा' या जुन्या शब्दप्रयोगात वर्तमानकालवाचक धातुसाधित आहे. ते चालू असलेली, न थांबलेली क्रिया दाखविते, आणि कर्ता खुद्द हवा आहे. खेळायला येण्याची आणि जाण्याची, अशा दोन वाटा लागतात, हेही त्यात गृहीत आहे. एकाच भिंतीला कितीही मोठी खिडकी असली, तरी तिच्यातून 'हवा येते' म्हणता येईल. 'हवा खेळते' म्हणण्यास जीभ कचरते. सोळा पूर्णांक सहासष्ट शतांश या आकड्याला हा भेद कळत नाही.

मिटलेल्या खोलीचा हिशोब साधा आहे. दहा फूट बाय बारा फूट, नऊ फूट उंच खोलीत सुमारे ३० घनमीटर हवा मावते. झोपलेला प्रौढ माणूस तासाला सुमारे १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोन माणसांचे २४ लिटर ३० घनमीटरांत मिसळले की, दर दशलक्ष भागांत त्याचे प्रमाण तासाला ८०० भागांनी वाढते. बाहेरच्या हवेत ते ४२० च्या आसपास असते. म्हणजे फटी नसल्या, तर पहिल्या तासातच ते १२०० च्या पुढे जाते. फटींतून पाच तासांत एकदा हवा बदलते असे धरले, तरी सात तासांच्या झोपेत ते ३००० च्या वर पोहोचते. म्युनिकच्या पेटेनकोफर या शास्त्रज्ञाने १८५८ मध्ये १००० ही मर्यादा सुचविली होती. हा वायू त्या प्रमाणात विष नव्हे. पण जेवढा तो साचला, तेवढे माणसांपासून निघणारे इतर सर्व काही साचले असले पाहिजे, असा त्याचा तर्क होता आणि तो आजही मानला जातो. यात डास मारण्याच्या कॉइलची भर घाला. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण हे ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके असतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. डासांसाठी खिडकी मिटावी आणि डासांसाठीच कॉइल लावावी, या दुहेरी उपायाचे फळ श्वासातून मिळते.

६

मुंबईत हवा हा कायद्याचा मोठा विषय झाला तो प्लेगमुळे. १८९६ च्या साथीनंतर १८९८ मध्ये शहर सुधारणा न्यास स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतील घरांच्या उजेडाविषयी आणि हवेविषयी मांडणी केली. साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम त्यांच्या नावाशी निगडित आहे : खिडकीसमोरील मोकळ्या जागेच्या रुंदीच्या दुपटीहून समोरची इमारत उंच नसावी, असा त्याचा सोपा अर्थ. ऑर यांची भाषा वसाहतकालीन अधिकाऱ्याची होती, आणि चाळीत राहणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. तरी एक गोष्ट त्यांनी ओळखली होती. खिडकीचे मोल खिडकीत नसते. ते खिडकीबाहेरील मोकळ्या जागेत असते.

हे विसरल्याचे परिणाम याच पूर्व उपनगरांत, मुलुंडच्या दक्षिणेस, पाहावयास मिळतात. गोवंडी-मानखुर्दकडील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत या पुनर्वसन वसाहतींची पाहणी डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आणि मुंबईच्या आयआयटीच्या अभ्यासकांनी केली. जेथे इमारती एकमेकींना खेटून उभ्या होत्या, तेथे उजेड आणि वारा कमी पोहोचणाऱ्या घरांशी क्षयरोगाचा संबंध दिसून आला. त्या घरांनाही खिडक्या होत्या. त्या उघडताही येत होत्या. समोरच्या भिंतीकडे.

तेव्हा नियमाच्या भाषेत काय बदलावे? प्रस्तुत लेखकाला चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली : प्रमाण घराचे नव्हे, खोलीचे सांगावे. दुसरी : शाफ्टकडील आणि मोकळ्या हवेकडील खिडकी यांना एका शब्दाने संबोधू नये. तिसरी : 'खेळती हवा' या संज्ञेची व्याख्या करावी, आणि तिच्यात येण्याची व जाण्याची वाट वेगवेगळी असणे आवश्यक मानावे. चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची : खिडकी उघडी असतानाच्या शक्यतेबरोबर ती मिटलेली असतानाच्या रात्रीचाही नियम असावा. दोन माणसांच्या वरील खोलीत कार्बन डायऑक्साइड १००० च्या आत ठेवण्यास तासाला सुमारे ४० घनमीटर बाहेरची हवा लागते. ती गाळणी लावलेल्या लहान पंख्याने आत घेता येते. मुंबईच्या दमट हवेत एवढी हवा थंड व कोरडी करण्याचा भार एक टनी यंत्राच्या क्षमतेच्या सुमारे नवव्या हिस्स्याइतका, आणि विजेचा खर्च छताच्या दीड-दोन पंख्यांइतका येतो, असे हिशोबाअंती दिसते. हा खर्च नाकारून वाचविलेली वीज ही बचत नव्हे. ते देणे फक्त वीजबिलातून काढून फुप्फुसांच्या खाती मांडलेले असते.

या सूचनांवर एक आक्षेप संभवतो. मोजता येईल तेवढेच नियमात घालता येते. माणसाला काय करवते आणि काय करवत नाही, हे नियमाने कसे पाहावे? आक्षेप वजनदार आहे. परंतु क्षेत्रफळ मोजणे सोपे म्हणून हवेऐवजी क्षेत्रफळ मोजणे, हा त्यावरचा उपाय नव्हे. खोलीतील हवा मोजणारी साधने आज दुर्मिळ राहिलेली नाहीत.

संस्कृतात खिडकीला 'गवाक्ष', गाईचा डोळा, म्हणत. इंग्रजी 'विंडो' हा शब्द स्कँडिनेव्हियातील जुन्या नॉर्स भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ 'वाऱ्याचा डोळा'. दोन दूरच्या भाषासमाजांना खिडकी हा घराचा अवयव वाटला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्या नव्या घरांत या अवयवाचा डोळा तेवढा शिल्लक आहे. काच स्वच्छ आहे, तिच्यातून राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात, आणि जाहिरातीत त्या दृश्याची किंमतही स्वतंत्र लावलेली असते. वारा मात्र बाहेर राहिला आहे. तो आत येऊ शकतो एवढे संहितेने सिद्ध केले आहे. तो आत येतो की नाही, हे विचारण्याचे काम अद्याप कोणत्याही कलमाने अंगावर घेतलेले नाही. ते घेतले जाईपर्यंत मुलुंडमधील पुष्कळशी घरे कायदेशीर राहतील, आणि त्यांना हवेशीर म्हणताना भाषेच्या अभ्यासकाला अडखळावे लागेल.